बोलावणं नसताना काढलेला फोटो

ताई, नमस्कार.

उदगीरला आमचा फोटो स्टुडिओ आहे. वडिलांनी सुरू केला, आता मी बघतो. लग्न, बारसं, साखरपुडा, शाळेचं गॅदरिंग, सगळी कामं घेतो. यंदा माघात आम्ही चौघं मित्र जैसलमेरच्या मरू महोत्सवाला जायलोत. चौघांकडंही चांगले कॅमेरे आहेत. तिथल्या माणसांचे, कलाकारांचे फोटो काढून नंतर गावात प्रदर्शन लावायचं मनात आहे. जमलं तर काही फोटो विकायचेही आहेत.

अडचण अशी की अनोळखी माणसापुढं कॅमेरा धरला की माझा हात जड होतो. मागं माळेगावच्या यात्रेत एका वाघ्याचा जवळून फोटो घेत होतो. त्यानं डिमडी थांबवली, तोंडावर उपरणं ओढलं आणि म्हणाला, "तुझं काम झालं, माझं काय?" मला काही बोलायलाच सुचलं नाही. मित्र म्हणतात, लांबची लेन्स लाव, विचारत बसू नको, विचारलं की चेहरा बनावट होतो. कुणी म्हणतं, तिथं सगळेच पैसे मागतात, अजिबात देऊ नको. बायकांचे फोटो काढावेत का? तिथल्या चित्रांचे, कलाकुसरीचे फोटो विकले तर कायद्याची भानगड होते का? आणि उन्हाचं, वाळूचं काय करायचं, तेही सांगा.

तुमचा एक वाचक, उदगीर

*

भाऊ, नमस्कार.

त्या वाघ्याचा प्रश्न आधी घेते. तुमच्या बाकीच्या बहुतेक शंका त्याच्याच पोटात आहेत.

लग्नघरात तुम्ही थेट नवरीच्या खोलीत शिरता. पाठवणीच्या वेळी आई हुंदके देत असते आणि तुम्ही हातभर अंतरावरून फोटो घेत असता. कुणी तोंडावर पदर ओढत नाही. कारण तुम्हाला बोलावलेलं असतं, इसार घेतलेला असतो, आणि अल्बम याच घरात येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. माळेगावात या तिन्हींतलं काहीच नव्हतं. वाघ्याला ते लगेच कळलं आणि तुमच्या हातालाही कळलं, म्हणून तो जड झाला. हा जडपणा घालवायच्या मागे लागू नका. त्यानं तुम्हाला बरोबर जागी थांबवलं.

जैसलमेरलाही तुम्हाला कुणी बोलावलेलं नाही. बोलावणं तिथे पोचल्यावर मिळवावं लागेल, आणि ते लांबच्या लेन्सनं मिळत नाही.

महोत्सव माघ शुद्ध त्रयोदशी ते पौर्णिमा असा होतो, म्हणजे बहुधा फेब्रुवारीत. अलीकडे पोकरणलाही कार्यक्रम ठेवतात, म्हणून निघण्याआधी राजस्थान पर्यटन विभागाची त्या वर्षीची पत्रिका बघून घ्या. गडीसर तलावापासून शोभायात्रा निघते आणि शहीद पूनमसिंह स्टेडियमवर येते. पगडी बांधण्याची स्पर्धा, मिशांची स्पर्धा, पुरुषांसाठी मरुश्री, मुलींसाठी मिस मूमल हे सगळं तिथे. उंटांचे खेळ देदानसर मैदानावर, आणि शेवटची संध्याकाळ शहरापासून साधारण ४० किलोमीटरवर सम इथल्या वाळूच्या टेकड्यांवर.

शोभायात्रेत आणि मंचावर माणसं लोकांनी बघावं म्हणूनच नटून आलेली असतात. तिथे एकेकाला विचारत बसायची गरज नाही, मोकळेपणाने काढा. पण प्रदर्शनासाठी त्यातून फार काही हाती लागेल असं मला वाटत नाही. तोच गलमिशीवाला त्याच कोनातून प्रत्येकाच्या कार्डात जातो. बघावीत अशी माणसं मंचाच्या मागे असतात. ढोलक मांडीवर घेऊन चहा पिणारा, मुलीच्या वेणीत गोंडा बांधणारी आई, उंटाच्या सावलीत आडवा झालेला म्हातारा. तिथे मात्र आपण त्यांच्या घरात आलोत असं धरून वागायचं. विचारल्याशिवाय कॅमेरा वर करायचा नाही. आणि नाचणाऱ्या मुली जिथे कपडे बदलतात त्या तंबूकडे तर कॅमेरा फिरकताही कामा नये. तसले फोटो काढणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे.

आता पैशाचं. तुम्हाला कुणी म्हणतं देऊ नको. माझं मत याच्या अगदी उलट आहे, आणि त्याचं कारण तिथल्या कलाकारांच्या जगण्यात आहे.

जैसलमेर-बाडमेरकडचे मांगणियार आणि लंगा हे पिढीजात गाणारे मुसलमान समाज. मांगणियारांचे यजमान बरेचसे राजपूत, लंगांचे सिंधी सिपाही. यजमानाच्या घरी मूल झालं, लग्न निघालं की यांनी जाऊन गायचं. यजमानाच्या कुळाची वंशावळ यांच्या तोंडपाठ. बदल्यात यजमानानं धान्य, जनावर, कपडा, रोकड द्यायची. पिढ्यान्‌पिढ्या गाणं आणि देणं एकमेकाला बांधलेलं आहे. आपल्याकडे गोंधळ्याला घरी बोलावलं तर त्याला शिधा आणि दक्षिणा दिल्याशिवाय कुणी वाटेला लावतं का? मग त्या माणसानं तुमच्यासाठी अर्धा तास वाजवलं, तुम्ही शंभर फोटो घेतले आणि निघताना त्यानं हात पुढे केला, तर त्याला भीक म्हणायचं नाही. त्याच्या हिशेबात तुम्ही त्या अर्ध्या तासाचे यजमान आहात. वाघ्यानंही तुम्हाला तेच विचारलं होतं.

म्हणून रक्कम आधी बोला. तुम्ही ग्राहकाशी पॅकेज ठरवता, तितक्याच सरळपणे: "एवढा वेळ बसेन, फोटो काढेन, एवढे देईन." ठरल्यावर घासाघीस नको. किल्ल्याच्या दारात आणि गडीसरच्या काठावर वेशभूषा करून उभे राहणारे असतात, त्यांचा तो धंदाच आहे. काढायचा असेल तर पैसे द्या, नसेल तर नमस्कार करून पुढे व्हा. चोरून काढून सटकणं मात्र वाईट. फक्त लहान मुलांना फोटोसाठी पैसे किंवा गोळ्या देऊ नका. शाळा सोडून पर्यटकांच्या मागे फिरायची सवय त्यातूनच लागते. मुलाचा फोटो हवा असेल तर त्याच्या आईबापाला विचारा आणि जे काही द्यायचं ते त्यांच्या हातात द्या.

विचारलं की चेहरा बनावट होतो, हेही तुम्ही ऐकलंय. पहिल्या मिनिटाला होतो, हे खरं आहे. माणूस ताठ बसतो, पगडी सारखी करतो, मिशीला पीळ देतो. तो फोटो मनापासून काढा, कारण तो त्याला हवा असलेला फोटो आहे, आणि लगेच त्याला मागच्या पडद्यावर दाखवा. मग कॅमेरा मांडीवर ठेवून तिथेच बसून राहा. गाव कुठलं, वाद्य कुणाचं, कोणाकडून शिकलात, विचारा. आपली उदगीरकडची हिंदी तिथे छान चालते, सुरुवातीला "राम राम सा" म्हणा म्हणजे झालं. थोड्या वेळानं तो त्याच्या कामाला लागतो. तारा जुळवतो, मुलाला ओरडतो, शेजाऱ्याशी भांडतो. तुमचा फोटो तिथे असतो. लग्नात स्टेजवरचे ग्रुप फोटो उरकल्यावर मावश्या खुर्चीत टेकतात आणि चपला सैल करतात, त्या वेळचे चेहरे तुम्ही कितीदा टिपले असतील. डोळा तुमच्याकडे आहेच, थांबायची तयारी तेवढी लागेल.

चेहऱ्याइतकेच हात बघा. कमायचा नावाचं वाद्य तुम्हाला मांगणियारांकडेच दिसेल. आंब्याच्या लाकडातून कोरलेला गोल पोटाचा तुंबा, त्यावर बकऱ्याचं कातडं ताणलेलं, मुख्य तारा आतड्याच्या, आणि वर घोड्याच्या केसांचा गज. वाजवणारा तो जमिनीवर उभा टेकवून गजाचा हात लांब ओढतो. उत्तम वाजवणाऱ्याची डावी बोटं तारेवरून कशी सरकतात ती बघा. हमीरा गावचे साकर खान यांना याच वाद्यासाठी २०१२ साली पद्मश्री मिळाली. गाव जैसलमेर जिल्ह्यातच आहे. खडताल म्हणजे शिसवीच्या चार पट्ट्या, एकेका हातात दोन दोन. त्या इतक्या वेगानं चालतात की १/१००० सेकंदाच्या शटरवर पट्ट्या गोठून लाकडाचे निर्जीव तुकडे दिसतात. १/६० च्या आसपास उतरा, कोपरं अंगाशी दाबा. चेहरा स्थिर राहतो आणि हात हलते, धूसर येतात, तिथे खडताल ऐकू येते.

कालबेलिया नाचणाऱ्यांचं उलट आहे. काळा घेरदार घागरा, त्यावर आरसे आणि रंगीत फीत, आणि गिरकी. घेर पूर्ण उघडतो तो क्षण धरायला १/५०० तरी लागेल. हे नाचणारे लोक मूळचे गारुडी. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर साप बाळगणं बंद झालं आणि हळूहळू नाच हेच पोट भरायचं मुख्य साधन झालं. २०१० साली युनेस्कोनं त्यांच्या गाण्यांना आणि नाचाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, २०१६ साली गुलाबो सपेरा यांना पद्मश्री मिळाली. ही माहिती असलेला माणूस त्या मुलीसमोर बसला की त्याचं बोलणं वेगळं होतं, आणि समोरच्याला ते समजतं.

बायकांच्या फोटोंबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण पत्रात तुम्ही "आम्ही चौघं" म्हणालात आणि मला तिथेच काळजी वाटली. चार परके पुरुष, चार कॅमेरे, मध्ये घुंघट घेतलेली एक बाई. त्या बाईनं "नको" म्हणायचं तरी कसं? अशा वेळी मिळालेली परवानगी ही परवानगीच नव्हे. चौघांनी वेगवेगळ्या दिशांना जायचं हे निघण्याआधीच ठरवा. माणूस एक असेल तर कॅमेरा एकच. दुसऱ्याला तोच फोटो हवा असला तरी नाही.

घुंघट घेतलेली बाई समोर असली तर तो सरकायची वाट बघत कॅमेरा रोखून बसू नका. घुंघट तिनं घेतलाय, म्हणजे चेहरा दाखवायचा नाही हे तिनं सांगून टाकलंय, मग वारा कसाही येवो. तिचे हात, बांगड्या, ओढणीचं काम तिला विचारून काढा. आधी घरातल्या वयस्कर बाईशी बोला, सुनेशी किंवा मुलीशी नाही. म्हातारीला पटलं की अंगण मोकळं होतं, हे आपल्याकडेही तसंच आहे. शक्य असेल तर तुमची बहीण किंवा पत्नी बरोबर असू द्या. लग्नाच्या कामात बायकांच्या विधींना तुमच्या हाताखाली एखादी मुलगी काम करत असेल तर तिला न्या आणि कॅमेरा तिच्या हातात द्या. तिला जे दिसेल, जिथे बसायला मिळेल, ते तुम्हा चौघांना मिळणार नाही. माझं ऐकाल तर चौघांतल्या एकाची जागा तिला द्याच.

हे सगळं एकदम वाळवंटात जाऊन करू नका. माघाआधी मार्गशीर्ष येतो, आणि मार्गशीर्ष वद्यात माळेगावची यात्रा भरते. मध्ये दीडेक महिना मिळतो. लोहा तालुक्यातला तो खंडोबा आणि त्याच्याभोवती भरणारा घोड्यांचा, गाढवांचा बाजार, कुस्त्या, लावणीचे फड, वाघ्या-मुरळी. जैसलमेरला जे जे भेटणार त्याची तालीम तिथे होते. धूळ तीच, गर्दी तीच, पटक्याखाली सावलीत गेलेले चेहरे तेच. फक्त तिथली भाषा तुमची आहे, त्यामुळे चूक झाली तर माफी मागता येते. पहिला अर्धा दिवस कॅमेरा पिशवीतच राहू द्या. घोडेवाल्यांच्या राहुट्यांमध्ये बसा. उपरण्याखाली हात घालून बोटांनी सौदा चालतो, तो कसा ते विचारा. पूर्वी कुणाचा फोटो घेतला असेल तर त्याची प्रिंट घेऊन जा आणि माणूस सापडतो का बघा. आणि एकच लेन्स न्या, ३५ किंवा ५० मिलिमीटरची. जवळ जावंच लागेल.

प्रकाशाचं. जैसलमेर आपल्यापेक्षा बरंच पश्चिमेला आहे. फेब्रुवारीत सूर्य तिथे सव्वासातच्या पुढे उगवतो आणि साडेसहा होऊन गेल्यावर मावळतो, म्हणजे आपल्या सवयीपेक्षा सकाळ अर्धा तास उशिरा. पिवळ्या दगडाच्या किल्ल्यावर सकाळी साडेसात ते नऊ फार सुंदर ऊन असतं आणि त्या वेळी पर्यटक नाश्त्याला असतात. दुपारी चेहरे काढूच नका असं बरेच जण सांगतात, मला ते पटत नाही. माणसाला भिंतीच्या सावलीत बसवा, समोर उन्हातली वाळू किंवा पिवळी भिंत राहू द्या. तिच्यावरून परतणारा प्रकाश खालून चेहऱ्यावर येतो, पगडीखालचे डोळे उजळतात, आणि त्वचेला जो रंग चढतो तो तुमच्या स्टुडिओतल्या लाइटला जमणार नाही. फ्लॅश बॅगेतच ठेवा.

कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मधल्या करड्यावर आणू बघतं, हे तुम्हाला पांढऱ्या शेरवानीमुळे माहीतच आहे. वाळूचंही तसंच. चौकटीत वाळू जास्त असेल तर एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवा, नाहीतर वाळू मातकट येते. कालबेलियांचा काळा घागरा चौकटभर असेल तर उलट कमी करा. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा. आणि महोत्सव पौर्णिमेला संपतो याचा फायदा घ्या. पौर्णिमेला सूर्य मावळायच्या सुमारास चंद्र पूर्वेला उगवतो, आदल्या दिवशी त्याच्याही तासभर आधी. समच्या टेकडीवर सगळी गर्दी मावळतीकडे तोंड करून उभी असते. तुम्ही त्यांच्या पुढे जा आणि मावळतीकडे पाठ करा. चेहऱ्यांवर शेवटचं ऊन आणि मागे फिका चंद्र, हे चतुर्दशीला जास्त चांगलं जमतं, कारण चंद्र वर आलेला असतो आणि ऊन अजून गेलेलं नसतं. त्या दिवशी कार्यक्रम सम इथे नसला तरी टेकडी कुठे जात नाही.

वाळूसाठी दोनच गोष्टी. उघड्यावर लेन्स बदलायची नाही, आणि लेन्सवर बसलेले कण आधी ब्लोअरनं उडवायचे, कापडानं पुसायचे नाहीत, ओरखडे पडतात. पुढे साधा यूव्ही फिल्टर लावून ठेवा. ड्रोन घरीच ठेवा. जैसलमेर सीमेवरचा जिल्हा आहे, शेजारी हवाई दलाचा तळ आहे. लष्कराच्या गाड्या, चौक्या, जवान यांचेही फोटो काढू नका. सीमा सुरक्षा दलाची उंटांवरची कवायत महोत्सवात सगळ्यांसमोर होते, ती खुशाल काढा.

आता चित्रं, कलाकुसर आणि कायदा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ प्रमाणे सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेलं शिल्प किंवा कारागिरीचं काम, तसंच इमारत, यांचा फोटो काढून प्रसिद्ध करायला मोकळीक आहे. म्हणजे जैसलमेरमधल्या पटवांच्या हवेलीचे झरोके तुम्ही काढू शकता, विकू शकता. आत जाताना कॅमेऱ्याचं वेगळं तिकीट असतं, तेवढं घ्या. पण ही सवलत चित्रांना नाही, आणि चार दिवस उभं केलेल्या मांडणीलाही नाही. आज हयात असलेल्या चित्रकाराच्या चित्राचा नुसता फोटो काढून तुम्ही विकलात, तर ते त्याचं चित्र विकणंच झालं. चित्रकार चित्राशेजारी बसलाय, रंग कालवतोय, तर तो त्या माणसाचा फोटो. तरीही विकायचा असेल तर त्याच्याकडून कागदावर दोन ओळी घ्या.

भरतकामाच्या, ओढण्यांच्या दुकानांत "फोटो काढू नये" अशी पाटी दिसली तर हुज्जत नको. बाईनं महिनाभर बसून काढलेला नमुना फोटोवरून कारखान्यात छापला जातो आणि चौथाई किमतीत विकला जातो, ही त्यांची भीती खरी आहे. पैठणला हातमागावर बसणाऱ्या कुणाशीही बोला, हेच ऐकाल. पाबूजी या लोकदैवताची फड दिसली तर आणखी जपून. चित्रांनी भरलेला तो लांबलचक कापडी पट भोप्यांसाठी, म्हणजे त्यापुढे कथा गाणाऱ्या पुजाऱ्यांसाठी, चालतंबोलतं देऊळ असतो. आपल्याकडे पैठणच्या नावानं ओळखली जाणारी चित्रकथी चित्रं पुण्याच्या केळकर संग्रहालयात काचेमागे आहेत. फड मात्र अजून रात्री दिव्याच्या उजेडात रावणहत्था या गजानं वाजवायच्या वाद्याबरोबर गायली जाते. गाणं चालू असताना मध्येच पुढे जाऊन तपशील टिपू नका. थांबल्यावर विचारा, कुठला भाग काढायला हरकत नाही ते भोपाच सांगेल.

व्हिडिओ आणि रील हा वेगळा मामला आहे, हे मित्रांनाही सांगा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ नं कलाकाराला त्याच्या सादरीकरणावर ५० वर्षांचा हक्क दिलाय. त्याला न विचारता गाणं रेकॉर्ड करून दुसऱ्या कशावर लावायचं नाही. २०१२ च्या दुरुस्तीनं त्याला आणखी एक हक्क मिळाला, सादरीकरणाबरोबर आपलं नाव यावं असा. तुमचे स्थिर फोटो यात येत नसले तरी नावाची शिस्त तीच ठेवा.

तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी कॅमेरा घेऊन येणाऱ्या बहुतेकांकडे नसते. रिसेप्शनला पाहुण्यांना जागेवर फोटो काढून देण्यासाठी छोटा प्रिंटर तुमच्या स्टुडिओत असेलच. नसेल तर ओळखीत कुणाचा तरी मागून घ्या. तो आणि चार बाय सहाच्या कागदाची दोन पाकिटं घेऊन जा. त्याच संध्याकाळी तो माणूस जिथे उतरलाय तिथे जाऊन हातात प्रिंट द्या. भर जत्रेत प्रिंटर काढू नका, गर्दी होते, ढकलाढकली होते आणि ज्याच्यासाठी काढला तोच मागे राहतो. मोबाइलवर पाठवतो म्हणून निघून आलेल्यांना तिथले लोक खूप बघून चुकलेत. प्रिंट मिळाली की दुसऱ्या दिवशी ते स्वतः हाक मारतात. मघाशी म्हटलं ते बोलावणं असं येतं.

प्रत्येक फोटोमागे वहीत नाव, गाव, वाद्य आणि फोन लिहून घ्या, आणि त्यालाच वाचून दाखवा. प्रदर्शनात फोटोखाली "राजस्थानी लोककलाकार" एवढंच लिहिलेलं मला बघवत नाही. माणसाला नाव आहे, ते पूर्ण लिहा, त्याच्या गावासकट. कुणी नाव नको म्हणालं तर तेही पाळा.

विक्रीबद्दल तिथेच, प्रिंट देताना बोला: हा फोटो मी लावणार आहे, विकला तर तुमचा वाटा एवढा. वाटा किती ते तुम्ही ठरवा, पण माझ्या मते छपाई-फ्रेमचा खर्च वजा जाता निम्म्याहून कमी नसावा. जाहिरातीला किंवा कॅलेंडरला कुणी फोटो मागितला तर त्याला पुन्हा विचारा, आणि लेखी होकार आल्याशिवाय देऊ नका. यूपीआयचा नंबर फोन नंबरासोबतच वहीत घ्या. खातं मुलाच्या किंवा पुतण्याच्या नावावर असतं बऱ्याचदा, तर ते कुणाचं तेही लिहा. पैसे गेल्यावर फोन करून मिळाले का ते त्या कलाकाराच्याच तोंडून ऐका.